फॅमिली ट्रस्ट करायचा का? आधी ट्रस्टी कोण ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फॅमिली ट्रस्टवर, म्हणजे आपली मालमत्ता घरच्या माणसांसाठी ट्रस्टींच्या हाती सोपवायच्या व्यवस्थेवर, ‘किती संपत्ती असेल तर करावा’ अशा अंगाचा लेख आला होता, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो गोंधळ सुरू झालाय तो अजून थांबलेला नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. कापायचं तर कापा, पण ट्रस्टीबद्दल जे लिहिलंय तेवढं राहू द्या.

मी पाचपाखाडीत राहतो. एका बँकेत ३४ वर्षं नोकरी केली आणि त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं मयत खातेदारांच्या क्लेमचं टेबल माझ्याकडे होतं, त्यामुळे माणूस गेल्यावर तेराव्याच्या आधीच घरात काय काय सुरू होतं ते मी काउंटरच्या आतून बघितलंय. वकील नाही, सीए नाही. पण या विषयात गेले चार महिने डोकं घालून बसलोय, कारण मीही ट्रस्ट करायला निघालो होतो.

झालं असं की तुमचा लेख आला आणि दुसऱ्याच आठवड्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये वारसा नियोजनावर मोफत कार्यक्रम होता, बायको म्हणाली जाऊन तर बघू, उपमा-कॉफी तरी मिळेल. उपमा खरंच चांगला होता. मग कोट घातलेला एक तरुण उभा राहिला आणि पडद्यावर पहिलाच फोटो टाटांचा, की बघा मोठी माणसं सगळं ट्रस्टमध्ये ठेवतात आणि तुम्ही काय करता तर नॉमिनेशनचा फॉर्म भरता आणि निवांत झोपता. सगळा हॉल हसला. मला हसू आलं नाही, कारण टाटांचे ते ट्रस्ट धर्मादाय आहेत, टाटा सन्समधला साधारण ६६ टक्के हिस्सा त्यांच्याकडे आहे आणि तो पैसा दवाखाने, शिक्षण असल्या कामांना जातो, त्याचा माझ्या दोन बेडरूमच्या फ्लॅटशी काय संबंध? उलट रतन टाटांनी स्वतःच्या मालमत्तेचं मृत्युपत्र करून ठेवलं होतं हे आपण सगळ्यांनी पेपरातच वाचलंय.

हा घोळ बऱ्याच लोकांचा होतो बरं का. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला म्हणाले ट्रस्ट करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे खेटे घालावे लागणार. तसं नाही. देऊळ, शाळा, मंडळ यांचे ट्रस्ट १९५० च्या महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली जातात. घरच्या माणसांसाठी केलेला ट्रस्ट खाजगी, त्याला १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट लागतो, ब्रिटिशांच्या वेळचा तोच अजून चालू आहे. एक देणारा, एक सांभाळणारा म्हणजे ट्रस्टी, आणि एक ज्याच्यासाठी सांभाळायचं तो लाभार्थी, बस एवढीच मंडळी लागतात. ट्रस्टला कंपनीसारखं स्वतःचं वेगळं अस्तित्व नसतं, मालमत्ता कागदोपत्री ट्रस्टींच्या नावावर असते. हे मी आमच्या सेक्रेटरीला सांगितलं तर तो म्हणाला मग शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं घालू? त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

आणि मूळ मुद्दा, जो त्या हॉलमध्ये दीड तासात एकदाही धड आला नाही, तो म्हणजे ट्रस्टमध्ये घातलेली गोष्ट तुमची राहत नाही. खरोखर राहत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या काकूंनी विचारलं, की उद्या मला फ्लॅट विकून मुलीकडे पुण्याला जायचं झालं तर? तर म्हणे मॅडम, आपण रिव्होकेबल करू, कधीही मोडता येतो. बरोबर, येतो. पण मोडता येणारा ट्रस्ट केला की इन्कम टॅक्सवाले ते उत्पन्न तुमचंच धरतात, आणि घेणेकरी, म्हणजे ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागता ते, आले तर कोर्टही विचारणार की ताबा तुमच्याच हातात आहे तर तुम्ही दिलं काय? आणि न मोडता येणारा केला तर काकूंना पुण्याला जायच्या आधी ट्रस्टींना विचारावं लागणार. दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सोय इथे नाही.

घेणेकऱ्यांवरून आठवलं. माझा एक जुना मित्र, वागळे इस्टेटला छोटा कारखाना आहे, कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाला, पर्सनल गॅरंटी देऊन बसलाय आणि धंदा सध्या मंद आहे. तोही त्या हॉलमध्ये होता. त्याला सांगण्यात आलं की फ्लॅट ट्रस्टमध्ये टाका, बँक हात लावू शकणार नाही, याला कवच म्हणतात. मी ३४ वर्षं बँकेच्या बाजूला बसलेला माणूस, मला राहवलं नाही. अरे, देणं बुडवायच्या हेतूने केलेलं हस्तांतरण रद्द करून घेता येतं, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टच्या ५३ व्या कलमात ते १८८२ पासून लिहून ठेवलंय, बँकेच्या वकिलाला ते झोपेत पाठ असतं. डोक्यावर काही देणं नसताना, धंदा बरा चालू असताना, चांगल्या हेतूने ट्रस्ट केला असेल तर संरक्षण मिळतं हे खरं. पण आग लागल्यावर विमा काढायला गेलात तर कोण देणार? मित्र माझ्यावर थोडा रागावलाय. असो.

अजून एक वाक्य होतं, की तुमची संपत्ती पिढ्यानपिढ्या, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत सुरक्षित. ऐकायला छान वाटतं. पण खाजगी ट्रस्टला कायद्याने कायम राहता येत नाही. मालमत्ता बांधून ठेवायची मर्यादा म्हणजे ढोबळमानाने आज हयात असलेल्या माणसाचं आयुष्य आणि त्यापुढे जन्मणारं मूल सज्ञान होईपर्यंतची वर्षं. त्यापलीकडे बांधता येत नाही. अनंत काळ चालतो तो धर्मादाय ट्रस्ट. म्हणजे इथेही परत तोच टाटांचा फोटो आणि आपला फ्लॅट.

आता पैशांचा हिशेब, कारण शेवटी मी बँकवाला. माझी पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून वर्षाला ११ लाखांच्या आसपास होतं. नव्या टॅक्स पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट आहे त्यामुळे मला सध्या टॅक्स शून्य. त्याच एफडी मी डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये टाकल्या, म्हणजे कुणाला किती द्यायचं ते ट्रस्टींनी ठरवायचं असा ट्रस्ट, तर त्या व्याजावर पहिल्या रुपयापासून सगळ्यात वरचा दर लागतो, ३० टक्के आणि वर सेस, सरचार्ज किती धरायचा यावर अजून वाद चालूच असतात. रिबेट माणसाला मिळतो, अशा ट्रस्टला नाही. हिस्से आधीच ठरवून दिले तर लाभार्थ्याच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स बसतो, ते बरं पडतं, पण मग परिस्थिती बघून कमीजास्त द्यायची जी सोय म्हणून ट्रस्ट करायचा तीच गेली. शिवाय सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम माणसाच्याच नावाने असते, ट्रस्टला ती उघडताच येत नाही, ८.२ टक्क्यांवर पाणी. वर ट्रस्टचं वेगळं पॅन, वेगळं बँक खातं, दरवर्षी वेगळा रिटर्न आणि सीएची फी. ती फी पुढे कोण देणार? मुलंच देणार.

फ्लॅटचं तर विचारूच नका. माझ्या फ्लॅटची रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, किंमत साधारण १ कोटी २० लाख निघते. जिवंतपणी तो ट्रस्टकडे वळवायचा तर डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, रजिस्टर करावंच लागतं आणि स्टॅम्प ड्युटी खरेदीखतासारखी, आमच्या वकीलबाईंनी ७ टक्के धरून कागदावर ८ लाख ४० हजार लिहून दाखवले. रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे. हाच राहता फ्लॅट मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये, महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा. आणि मृत्युपत्राने दिला तर मुद्रांक काहीच नाही. साडेआठ लाखांत आमच्या दोघांची सगळी तीर्थयात्रा होते, बायको म्हणाली. ती नास्तिक आहे, पण मुद्दा बरोबर होता.

मेहुणा नेरूळला असतो, सिडकोच्या घरात. त्याला वाटत होतं आपलं सोपं असेल. तिथे जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या लीजवर, नाव बदलायचं तर सिडकोची परवानगी आणि ट्रान्स्फर फी, मग तो ट्रस्ट असो नाहीतर सख्खा भाऊ. पनवेल-उरणकडच्या ज्यांना संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळालेत त्यांच्या घरात तर आधी वारसनोंदीतच दहा-पंधरा नावं असतात. आणि गावच्या सातबाऱ्यावर पाच चुलतभावांची नावं असताना आमची जमीन ट्रस्टमध्ये टाकायचीय असं कुणी म्हणालं तर त्याला हात जोडून सांगा, जे निर्विवाद तुमचं आहे तेवढंच टाकता येतं. वडिलोपार्जित असेल तर २००५ नंतर बहिणींचाही जन्माने हिस्सा आहे, तो तुम्ही कसा देणार?

माझा मुलगा अमेरिकेत आहे म्हणून मला तो एक मुद्दाही शोधावा लागला. तिकडे राहणाऱ्या लाभार्थ्याला परदेशातल्या ट्रस्टकडून, म्हणजे आपल्या इथल्या ट्रस्टकडून, पैसे मिळाले तर त्याला तिकडच्या टॅक्स खात्याला ३५२० नंबरचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि न भरल्याचा दंड जबर असतो. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला बाबा प्लीज, माझ्यासाठी ट्रस्ट-बिस्ट काही करू नका. झालं, अर्धा विषय तिथेच संपला.

उरलेला अर्धा बायकोने संपवला. रात्री भांडी आवरताना म्हणाली, सगळं ठीक आहे हो, पण ट्रस्टी कोण?

मी म्हटलं तू आणि मी. म्हणाली आपण गेल्यावर? मी म्हटलं मुलगी. म्हणाली मग मुलीलाच देऊन टाका ना सरळ, तिच्याच हातात द्यायचं तर मध्ये खोका कशाला?

मला उत्तर नव्हतं. दोन्ही मुलं शहाणी, कमावती, एकमेकांशी बोलतात, दोघांना सारखं द्यायचंय, नातवंडांना आईबाप आहेत. या घरात ट्रस्टीने करायचं असं काही कामच नाही. त्या कार्यक्रमवाल्यांच्या लाल फायलीतलं, ट्रस्ट करून द्यायचं पंचावन्न हजारांचं पॅकेज आम्ही त्या रात्री सोडलं.

पण मग गोष्ट संपली नाही, कारण आमच्या वरच्या मजल्यावर जे काका राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना एकच मुलगा आहे, ३६ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक अक्षमता. काका ७१, काकू ६८. काका त्या कार्यक्रमाला आलेच नाहीत, कारण त्यांना वाटत होतं ट्रस्ट हा कोट्यधीशांचा विषय आहे, आपल्याकडे काय, एक फ्लॅट, ४० लाखांच्या एफडी आणि पेन्शन. आणि त्याच हॉलमध्ये पुढच्या रांगेत तीन-तीन फ्लॅटवाले बसले होते ज्यांना ट्रस्टची काडीची गरज नव्हती. मला वाटतं तुमच्या लेखातही हीच गडबड झाली, सगळं ‘किती संपत्ती असेल तर’ या अंगाने लिहिलेलं. अहो किती आहे त्याने काय होतं? ज्याला द्यायचंय त्याला ते सांभाळता येतं का, हे बघायचं. काकांच्या मुलाला पाचशेची नोट आणि पन्नासची नोट यातला फरक कळत नाही, त्याच्या नावाने ४० लाख ठेवून उपयोग काय? आणि पुतण्याच्या नावाने ठेवून, तू याला सांभाळ, असं म्हणणं म्हणजे ते पुतण्याचेच झाले. पुतण्या चांगला आहे, पण त्याचं कर्ज थकलं तर? त्याचा घटस्फोट झाला तर? तोच आधी गेला तर? माझ्या टेबलावर अशा केसेस आल्यात. एकात तर भावाने भावावर विश्वास टाकून सगळं नॉमिनेशन त्याच्या नावाने केलेलं, आणि वहिनी दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होती.

म्हणून मी आणि काका मिळून वकीलबाईंकडे गेलो. इथे जे कळलं ते खरं तर पुरवणीत यायला हवं होतं.

पहिलं म्हणजे मुलगा १८ चा झाला की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे काकांना १८ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी पालक नेमून देते, ती जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. नाव नॅशनल ट्रस्ट असलं तरी हा आपला पैशांचा ट्रस्ट नव्हे, ती सरकारी संस्था आहे, तिचीच निरामय नावाची १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना पण आहे. तर पालक वेगळा आणि ट्रस्टी वेगळा. पालक माणसाचं बघतो, कुठे राहायचं, कुठला डॉक्टर. ट्रस्टी पैशाचं बघतो. दोन्ही एकच माणूस असेल तर सोपं वाटतं, पण वकीलबाई म्हणाल्या शक्यतो वेगळे ठेवा, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं.

दुसरं, काका केंद्र सरकारच्या नोकरीतले, त्यामुळे त्यांच्यानंतर काकूंना आणि त्यांच्यानंतर मुलाला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, तो स्वतः कमवू शकत नाही हे सिद्ध केलं की. त्याचे कागद आताच, काका हयात असतानाच ऑफिसला देऊन ठेवायचे. म्हणजे ट्रस्टवर सगळा भार नाही, पेन्शनला पुरवणी एवढंच. हे कळल्यावर काकांचा चेहरा जरा सैल झाला.

तिसरं म्हणजे साडेआठ लाखांवाला प्रश्न त्यांच्यासाठी सुटतो. ट्रस्ट आता करायचा, पण त्यात आता फक्त काही रक्कम घालायची, आणि फ्लॅट मृत्युपत्रातून ट्रस्टकडे जाईल असं लिहायचं. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. लाभार्थी एकच, मुलगा, हिस्सा पूर्ण ठरलेला, त्यामुळे टॅक्स त्याच्या स्लॅबने. तो गेल्यानंतर उरेल ते कुणाला, तेही लिहायचं, काकांनी एका संस्थेचं नाव घातलंय जिथे मुलगा दिवसा जातो. पूर्ण ट्रस्टच मृत्युपत्रातून करता येतो, तो अजून स्वस्त, पण वकीलबाईंचं म्हणणं आता छोटा का होईना सुरू करा, खातं उघडा, दोन वर्षं चालवून बघा, ट्रस्टी कसे वागतात ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल. मला हे फार पटलं. मेल्यावर सुरू होणारी व्यवस्था बिघडली तर दुरुस्त करायला आपण नसतो.

आणि ट्रस्टी. इथेच सहा आठवडे गेले. कारण कायद्यात काय आहे ते वाचून दाखवल्यावर लोक मागे सरकतात. एकदा ट्रस्टीपण स्वीकारलं की मनात आलं म्हणून सोडता येत नाही, डीडमध्ये तशी सोय हवी, नाहीतर कोर्टाची परवानगी. डीडमध्ये लिहिलं नसेल तर मेहनताना मागता येत नाही. हिशेब ठेवायचा, मागितला तर दाखवायचा. ट्रस्टचा फ्लॅट स्वतःच विकत घ्यायचा नाही. चुकीने नुकसान झालं तर स्वतःच्या खिशातून भरायचं. एकापेक्षा जास्त ट्रस्टी असले तर सगळ्यांनी मिळून सही करायची, त्यामुळे एकाने बंगळुरूला बदली घेतली की चेक अडकला, म्हणून तेही आधीच लिहून ठेवायचं. पुतण्या म्हणाला काका मी आहेच की, कागद कशाला. वकीलबाई त्याला म्हणाल्या, कागद तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर जो येईल त्याच्यासाठी. तो दोन दिवसांनी नाही म्हणाला. वाईट वाटलं, पण तेव्हाच नाही म्हणाला हे बरं झालं.

शेवटी तीन जण ठरलेत. डोंबिवलीची भाची, पेशाने नर्स. काकांचा रेल्वेतला एक सहकारी, त्यांच्याहून १५ वर्षांनी लहान. आणि एक सीए, त्यांना फी ठरवून दिली, कारण फुकट काम फार दिवस टिकत नाही. तिघांपैकी कुणी गेला किंवा सोडला तर पुढचा कसा नेमायचा ते डीडमध्ये आहे. समवयस्क मित्राला ट्रस्टी करू नका, ही चूक मी स्वतः करणार होतो, माझ्या यादीत सगळे सत्तरीतले.

बाकी ज्यांच्या घरात असा प्रश्न नाही त्यांनी काय करायचं, असं ग्रुपवर विचारतात. मृत्युपत्र करा हो. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी तुमच्या समोर सही करायची, रजिस्टर केलं तर उत्तम पण सक्ती नाही. साक्षीदार बाहेरचे आणि तरुण घ्या. नॉमिनेशन नीट करा, बँकेत नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे लक्षात ठेवा, डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनीला घेतात ते वारसांच्या वतीने. मुलाला राहतं घर बक्षीस देणार असाल तर बक्षीसपत्रातच लिहून घ्या की तो तुम्हाला सांभाळेल, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाने ते परत मागता येतं, तोंडी कबुलीवर विसंबू नका. आणि तरुण लोकांना एक, टर्म इन्शुरन्स घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतो असं फॉर्मवर भरलंत तर ती पॉलिसी बायको-मुलांसाठी आपोआप ट्रस्टच होते, तुमच्या घेणेकऱ्यांना त्यातलं सहसा काही मिळत नाही, आणि याला एक रुपया जास्त लागत नाही. पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जमत नाही. माझ्या वागळे इस्टेटवाल्या मित्राने वीस वर्षांपूर्वी हे केलं असतं तर आज तो माझ्यावर रागावला नसता. हे त्या हॉलमध्ये का नाही सांगितलं? कारण यात विकायला काही नाही.

ट्रस्ट वाईट असं मी म्हणत नाहीये. दुसरं लग्न झालंय आणि पहिल्या लग्नाची मुलं आहेत, मुलाला दारूचं किंवा जुगाराचं व्यसन आहे, नातवंडं लहान आणि त्यांचे आईबाप नाहीत, धंद्यात तीन भाऊ आणि शेअर्स फुटू द्यायचे नाहीत, अशा घरांनी जरूर विचार करावा, आणि फी देऊन चांगल्या वकिलाकडून डीड लिहून घ्यावं, कुणाच्या फायलीतला छापील नमुना नको. त्या लाल फायलीतल्या नमुन्यात तर ट्रस्टी मेला तर काय, याचं कलमच नव्हतं.

तुम्हाला एक विनंती. लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज कसा करायचा, कुठले दाखले लागतात, किती दिवस लागतात यावर तुमच्या ठाणे आवृत्तीत कुणा बातमीदाराला जाऊन लिहायला सांगा. काकांना ते शोधण्यात तीन चकरा पडल्या, आणि आमच्या एका वॉर्डातच अशी चार-पाच घरं तरी मला माहीत आहेत.

डोंबिवलीच्या भाचीने हो म्हणताना एक अट घातली. म्हणाली, मामा, पैशाचं मी बघेन पण मला तो कळला पाहिजे, सगळं लिहून दे. कोर्टासाठी नाही, माझ्यासाठी. तर काका रोज संध्याकाळी गॅलरीत बसून एका दोनशे पानी वहीत लिहितायत, आमच्या खिडकीतून दिसतं. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, आधी सांगावं लागतं. भेंडी खात नाही पण बारीक चिरून थालीपीठात घातली तर कळत नाही. शनिवारी तलावपाळीला चक्कर झाली नाही तर रात्री झोपत नाही. उजवीकडची दाढ दुखते तेव्हा सांगत नाही, कान ओढतो. काल जिन्यात भेटले तेव्हा विचारलं कुठवर आलं, तर म्हणाले चाळीस पानं झाली, अजून त्याच्या शाळेपर्यंतच पोचलोय.

कळावे,
आपला एक निवृत्त वाचक,
पाचपाखाडी, ठाणे